किल्ली खरी, तरी दार बंद

जबलपूरच्या सदर भागात बसलेला मनुष्य पुण्यातील सर्व्हरवर काम करू शकतो. मात्र सर्व्हरला त्याची ओळख पटावी लागते. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धती रचली. तिच्यात किल्ल्यांची जोडी वापरता येते. खासगी किल्ली मालकाच्या संगणकातच राहते; सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरील एका फाइलमध्ये नोंदविली जाते.

कित्येकदा दोन्ही किल्ल्या बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. अशा वेळी सर्व फाइली सर्वांना खुल्या करण्याचा मोह होतो. वस्तुतः दोष पुष्कळदा या खुलेपणातच असतो. नोंदीची फाइल, तिची डिरेक्टरी किंवा मालकाची मुख्य डिरेक्टरी इतरांना बदलता येत असेल, तर कोणीही तेथे स्वतःची किल्ली नोंदवू शकेल. म्हणून सर्व्हर ती नोंद ग्राह्य धरीत नाही. एसएसएचच्या डिरेक्टरीस ७०० आणि नोंदीच्या व खासगी किल्लीच्या फाइलींस ६०० ही परवानगी द्यावी, म्हणजे त्या केवळ मालकाच्या हाती राहतात. सार्वजनिक किल्ली एकाच ओळीत उतरली आहे की नाही, हेही पाहावे.

नकाराचे नेमके कारण सर्व्हरच्या नोंदवहीत मिळते. बाहेरच्यास ते सांगितले जात नाही. दुरुस्ती चालू असता आधीची जोडणी तोडू नये. दुसऱ्या जोडणीने प्रवेश मिळाल्यावरच पहिली बंद करावी.