सगळं खापर आईवरच का गं?

पाहुणे बघायला येणार म्हणून आईच्या मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची पाकिटं डाळीच्या डब्यामागे सरकवलीस ना? खरं सांगू का, नवल नाही वाटलं. ‘माय तशी लेक’ हेच ऐकत आपण वाढलो. त्यात तू कुठेतरी वाचलंस, की मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात आणि मनाच्या आजारांशी त्यांचा संबंध शोधतायत. झालं, झोप उडाली!

आता नीट ऐक. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली चूल. मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. म्हणून चूल मंदावली की मनही बिघडत असेल का, हा प्रश्न. जपानच्या तादाफुमी कातो यांनी २००० साली बायपोलर या मनाच्या आजाराबद्दल तेच मांडलं. शोध चालू आहे, पण ‘हाच तो जनुक’ असं अजून कुणी म्हणू शकत नाही. आणि बघ, मायटोकॉन्ड्रियाचे स्वतःचे जनुक अवघे ३७. त्यांना लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं आई-बाबा दोघांच्या जनुकांवरून बनतात. मग आईच्याच बाजूला दोष देतेस होय? आई किंवा वडिलांना बायपोलर असला, तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना तो होत नाही.

एक काम कर. वहीच्या मागच्या पानावर आजी, मावश्या, मामा मांड. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. कुणाला मधुमेह, कमी वयात बहिरेपण, झटके आहेत ते लिही. आईच्या बाजूला हे एकत्र दिसलं, तर ते पान इर्विन दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ३२४३ व्या जागी एक अक्षर बदललं, तर मधुमेह आणि बहिरेपण जोडीनं येऊ शकतात, कधी मनाचा त्रासही. मग बायपोलरवरची व्हॅल्प्रोएटसारखी गोळी देताना डॉक्टर दहादा विचार करतात. तसं काही नसेल, तर महागड्या तपासण्यांच्या नादी लागू नकोस. आईची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, कळलं? रात्री-अपरात्री घाबरलीस तर १४४१६ लाव, टेलिमानस ही मदतवाहिनी फुकट आहे.

आणि आईच्या आजाराचं स्थळाला सांगायचंच. चहा-पोह्यांच्या वेळी नको, पण होकाराआधी नक्की. जमत नसेल, तर मुलाला माझ्याकडे पाठव. मी बघते काय म्हणतो ते!