खापर, कढई आणि मेलेले मांजर

भाषाशास्त्राच्या तासाला वाक्प्रचारांचा विषय निघाला, तेव्हा सरांनी कँटोनीज भाषेतला एक प्रयोग सांगितला. हाँगकाँग, मकाव आणि चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ही भाषा बोलतात. दुसऱ्याचा दोष निमूटपणे सोसावा लागला, की ते लोक म्हणतात, 'त्याने मेलेले मांजर खाल्ले.' वर्गात हशा पिकला. याच अर्थाचा दुसरा प्रयोग 'कढई पाठीवर घेणे' असा आहे. त्यातले क्रियापद मूल पाठुंगळी घेण्यालाही वापरतात. आणि 'मोठी कढई' म्हणजे मोठे संकट! चायनीजच्या गाडीवर दिसते तीच ही खोलगट कढई.

आपल्याकडे 'खापर फोडणे' आहे. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. खानदेशात ज्या मातीच्या भांड्यावर मांडे भाजतात, तेही खापरच. म्हणजे स्वयंपाकाचे भांडे दोन्हीकडे आले. पण फरक पाहा. खापर फोडतो तो दोष देणारा. ज्याच्या डोक्यावर ते फुटते, तो वाक्याचा कर्ता नव्हे. कढई वाहणारा मात्र कर्ता आहे. 'आळ घेणे' तर याहून चमत्कारिक. 'रामाने गोविंदावर आळ घेतला' म्हटले, की घेणारा राम आणि सोसणारा गोविंद! चतुर्थीचा चंद्र पाहिल्याने श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ 'आला'. चोर सोडून सुळी दिलेला संन्यासीही स्वतः काही करीत नाही. 'दोष अंगावर घेणे' असे आपण म्हणतो खरे, पण त्यात डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

तासाला मी हसलो नाही, त्याला कारण आहे. माझे मामा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर होते. एका रात्रपाळीत व्हॉल्व्ह उघडा राहून माल वाहून गेला. चूक सुपरवायझरची. सकाळी मामांनी 'माझ्या हातून राहिला' असे लिहून सही केली. आठ दिवसांची मजुरी गेली. त्याच सुपरवायझरने मामांना कामावर लावले होते, आणि धाकट्या मामांसाठीही त्याच्याकडेच शब्द टाकलेला होता.

मामी संतापून म्हणाली, "त्या मेल्यानं यांच्यावर खापर फोडलं!"

मामा जेवता जेवता म्हणाले, "त्यानं कुठं फोडलं? मीच डोकं पुढं केलं."

धाकटे मामा पुढच्या महिन्यात कामाला लागले.