कुऱ्हाडीला धार लावलीस म्हणे

बारामती

चि. बाळूस,

काल एस.टी. स्टँडवर गावाकडचं माणूस भेटलं. म्हणालं, तुमच्या पुतण्यानं शेजाऱ्याचा पाइप तोडायचं बोलून दाखवलंय, कुऱ्हाडीला धारही लावलीय. खरं का रे? रात्रभर डोळा लागला नाही.

त्यानं पाळी नसताना कालव्यात सायफन टाकला, ही चोरीच. आपला नीरा डावा कालवा 1885 चा. टोकाच्या, टेलच्या रानांचं रडगाणंही तेवढंच जुनं असावं. पण पाइप तुटून तुझ्या उसाला किती पाणी मिळणार? पाळी तर गेली. तुला पाणी नकोय बाळू. त्यानं तुला येडा समजलं, ते सलतंय.

फेर आणि गेख्टर या दोघा अर्थतज्ज्ञांनी झुरिकच्या विद्यार्थ्यांना पैसे देऊन एक खेळ खेळवला होता; 2002 मध्ये तो छापून आला. सामायिक डब्यात वाटा न टाकता फायदा उपटणाऱ्याला दंड करायला पोरं पदरचे पैसे मोडत, त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार नाही हे ठाऊक असूनही. राग, दुसरं काय! आणि त्या धाकानं बाकीचे वाटा टाकू लागले, हेही खरं. तुझा राग खोटा नाही. पण तिथं कुऱ्हाड नव्हती, अंधार नव्हता.

कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. विशीत असताना अशाच एका पाणीचोराचं दारं मी रात्री फोडलं. पाणी माझ्याकडंही वळवलं नाही, ओढ्याला सोडलं. सकाळी त्या पाण्यात बगळे टिपत होते. दुपारी त्याची आई रोजच्यासारखी ताकाचा तांब्या घेऊन आमच्या बांधावर आली. तिला कळलं होतं का, कोण जाणे. ताक मी प्यालो. अजून घशात आहे.

पाटकऱ्याला भेट. चार जणांच्या सह्या घेऊन पाटबंधारेच्या शाखेत अर्ज दे. अर्जानं काय होतं, म्हणशील. पुष्कळदा काहीच होत नाही, बाबा. तरी दे. आणि कुऱ्हाड कुठं ठेवलीस ते कळव.

फार बोललो. तुझा बाप असता तर तो तुझ्याच बाजूनं भांडला असता, माझ्याशीसुद्धा.

पुढची पाळी रात्रीची आली तर फोन कर, मी येतो. एकटा जाऊ नकोस, बांधाला घोणस असते, बूट घाल. खोरं काही आता माझ्यानं चालायचं नाही. बॅटरी धरीन.

तुझा,
आप्पा