दुकानाचा संगणक नव्या डिस्कवर नेताना

परभणीच्या कच्छी बाजारात, गुजरी बाजारात किंवा जिंतूर, सेलू, मानवत, पाथरीच्या पेठेत कापडाच्या दुकानात गेले तर गल्ल्याशेजारी लाल वहीपेक्षा संगणकच जास्त दिसतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी तोवर संगणकाला हात लावला नव्हता त्यांनाही तो घ्यावा लागला. त्या वेळी घेतलेले यंत्र आता म्हातारे झाले आहे. सकाळी दुकान उघडून बटन दाबावे, झाडलोट करावी, चहा मागवावा, तरी पडद्यावर चक्र फिरतच असते. गिऱ्हाईक बिलासाठी उभे राहते आणि टॅली उघडत नाही. मग मेकॅनिक येतो आणि सांगतो, "शेठ, आता नवाच घ्या."

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की, नवा संगणक घेण्याआधी एकदा जुन्याची डिस्क बदलण्याचा विचार करावा. पुष्कळदा दोष यंत्राच्या मेंदूत नसतो, कोठारात असतो. मात्र हे काम कोणत्या क्रमाने करायचे ते मालकाला ठाऊक असले पाहिजे. सगळे मेकॅनिकवर सोडून दिले की वेग मिळतो आणि हिशेब जातो, असे प्रकार आमच्या पाहण्यात आहेत.

जुनी डिस्क मंद का असते?

जुन्या संगणकातील हार्ड डिस्कमध्ये धातूच्या किंवा काचेच्या चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावर सुईसारखा एक बारीक भाग पुढे-मागे सरकून माहिती वाचतो. ग्रामोफोनच्या तबकडीसारखेच समजा; फरक एवढाच की ही सुई तबकडीला टेकत नाही. हवी ती माहिती जिथे आहे तिथे पोहोचायला तिला सेकंदाच्या हजार भागांपैकी दहा-पंधरा भाग लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज चालू होताना असंख्य लहान लहान फायली उघडते आणि सुई त्यांच्यामागे धावत राहते. सगळा माल माळ्यावर ठेवून एकेका थानासाठी पोऱ्याला शिडी चढायला लावले तर दुकानात जे होईल तेच इथे होते.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे बाजारात जिला एसएसडी म्हणतात तिच्यात, फिरणारे काही नसते. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिपा असतात. ही मेमरी जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. आपल्या खिशातला मोबाइल आणि पेनड्राइव्ह त्याच जातीचे. साध्या एसएसडीची वाचण्याची गती सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास, जुन्या डिस्कची शंभर-दीडशे. पण खरा लाभ या आकड्यात नाही. सुई धावण्याचा वेळच उरत नाही, हा तो लाभ. माल माळ्यावरून उतरून गादीवर आला.

एवढे मात्र लक्षात ठेवावे की एसएसडी म्हणजे जादू नव्हे. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करावी, नाहीतर निम्मा फायदा वाया जाईल. आणि रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवशी इंटरनेट रखडते, त्याला ही डिस्क काहीही करू शकत नाही.

आधी खाते, मग विंडोज

संगणकातील माल दोन प्रकारचा असतो. विंडोज, टॅली, प्रिंटरचे सॉफ्टवेअर हा एक प्रकार. तो गेला तर पुन्हा मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे आपला हिशेब. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी, सुरतेच्या किंवा मालेगावच्या व्यापाऱ्याचे आपण किती देणे लागतो, हे जगात दुसऱ्या कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. येणे बुडाले तर आपले नुकसान. देण्याचा हिशेब बुडाला तर दुसऱ्याचा हक्क बुडतो, आणि त्याचा जाब इथेही आहे, तिथेही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. आमच्या वाडवडिलांच्या काळी, निजामी अमलात, पुष्कळ दुकानांचे हिशेब उर्दूत लिहिले जात; त्या वह्या अजून काही घरांत सापडतात. वही वाळवीने खाल्ली तरी पाने उरतात. डिस्क गेली तर काही उरत नाही.

सरकारी बाजूही आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ चा हिशेब, ज्याची नियमातील तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती, तो २०३१ च्या अखेरपर्यंत हाताशी हवा.

म्हणून पहिले काम पेचकस हातात घेण्याचे नाही. टॅलीमधूनच बॅकअप घ्यावा, शिवाय टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या डिस्कवर उतरवावे. हे फोल्डर अनेकदा सी ड्राइव्हमध्येच असते, आणि नेमका तोच ड्राइव्ह मेकॅनिक पुसतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या याद्या, बिलांचे फोटो, चेकबुकाचे स्कॅन विसरू नयेत. दोन प्रती कराव्यात, एक दुकानात, एक घरी. मग तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून शेवटची चार बिले आणि दोन-तीन मोठ्या खात्यांची बाकी ताडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे गाठोडे न सोडता घेतलेला माल. आत काय निघेल ते अल्लाहलाच ठाऊक.

टॅलीचे लायसन त्या संगणकाशी बांधलेले असते. डिस्क बदलण्यापूर्वी ते टॅलीमधूनच परत म्हणजे सरेंडर करावे आणि नव्या डिस्कवर पुन्हा चालू करावे.

खरेदी

साधारण जुन्या डेस्कटॉपला आणि लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते. अलीकडच्या यंत्रांत एम-डॉट-टू नावाची, च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी लागते, आणि तिच्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. एनव्हीएमई कितीतरी वेगवान, पण जुन्या मदरबोर्डला जागा असूनही तिच्यावरून विंडोज सुरू करता येईलच असे नाही. मदरबोर्डचा नंबर लिहून नेऊन खात्री करावी. फक्त बिले आणि हिशेब असेल तर २५६ जीबी पुरते. फोटो आणि डिझाइने असतील तर ५१२ घ्यावी.

नामांकित कंपनीची वस्तू, पक्के बिल आणि तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी, यावर तडजोड नको. एसएसडीवर १८ टक्के जीएसटी आहे. ज्यांची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे त्यांना तो क्रेडिट म्हणून मिळतो, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव जगभर चढले, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्यावे. पण ऑनलाइन कुठे काही शे रुपयांत २ टीबी दिसली तर समजून जावे. अशा डिस्कवर लेबल मोठे आणि आत जागा थोडी, असा खोटा माल बराच फिरतो. कापडाचा पन्हा मोजल्याशिवाय आपण गाठ उतरवून घेत नाही. इथेही क्रिस्टल डिस्क इन्फोसारखे फुकट सॉफ्टवेअर लावून नंबर पाहावा, आणि मोठ्या फायली भरून जागा खरी आहे का ते तपासावे.

नक्कल की नवी मांडणी?

विंडोज नव्या डिस्कवर नेण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, जिला क्लोन म्हणतात. दुसरी, नव्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकून मग एकेक सॉफ्टवेअर बसवणे.

संगणकात व्हायरस शिरला असेल किंवा विंडोज सारखी बिघडत असेल तर दुसरी रीत बरी, कारण नकलेत रोगही उतरतो. पण छापखानेवाले आणि एम्ब्रॉयडरीवाले कारागीर यांना आम्ही पहिलीच सुचवू. लग्नपत्रिकेची उर्दू जिच्यात जुळते ती इनपेज १९९४ मध्ये आली आणि त्यानंतर कातिबाची लेखणी मागे पडली. मराठीसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम. ही जुनी सॉफ्टवेअरे, त्यांचे फाँट, त्यांची कुलपे म्हणजे डोंगल, हे सगळे नव्याने जमवणे सोपे नसते. मूळ सीडी कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही. अशांनी नक्कल करावी.

नक्कल करण्याआधी सी ड्राइव्हमधला कचरा काढावा आणि डिस्क-तपासणी चालवावी. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर तपासणीही नको, आधी डेटा बाहेर काढावा. बिटलॉकर लागलेले असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि कामापुरते ते बंद करावे. नवी एसएसडी यूएसबी केबलने जोडावी. सॅमसंग, क्रूशियल, वेस्टर्न डिजिटल, किंग्स्टन या कंपन्या आपल्या डिस्कसोबत नक्कल करण्याचे सॉफ्टवेअर देतात. क्लोनझिला नावाचे फुकट सॉफ्टवेअरही चांगले आहे, पण ते मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर सहजी जात नाही. आधी जुन्या डिस्कचे भाग आखडावे लागतात. नवख्याने कंपनीचेच वापरावे.

यानंतर एक पडदा येतो ज्यावर विचारतात, कुठून आणि कुठे. इथे दोन मिनिटे थांबावे. कंपनीचे नाव आणि आकार वाचून 'कुठून'मध्ये जुनी आणि 'कुठे'मध्ये नवी डिस्क आहे हे पाहावे, मुलालाही वाचायला लावावे. उलटे झाले तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरते आणि दुकानाचा सगळा हिशेब पुसला जातो.

कामाला एक ते कित्येक तास लागू शकतात. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय सुरुवात करू नये. इशाच्या नमाजनंतर दुकान बंद करून बसावे. दिवसही निवडावा. रमजान, लग्नसराई, फेब्रुवारीतला हजरत तुराबुल हक यांचा उरूस या दिवसांत संगणकाला हात लावू नये. पितृपंधरवड्यात कापडाची खरेदी मंदावते, मोहरममध्येही आपल्या लोकांची गर्दी नसते. ते दिवस बरे.

नक्कल झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क काढून घ्यावी आणि तिच्या जागी एसएसडी बसवावी. दोन्ही एकदम जोडून सुरू केले तर विंडोजचा गोंधळ होतो, कारण दोघींची ओळख एकच असते. चालू झाले नाही तर बायोसमध्ये जाऊन सुरुवात कोणत्या डिस्कवरून करायची ते सांगावे. मग टॅली उघडावी, बिल छापून पाहावे, डिजिटल सही चालते का ते पाहावे. एसएसडीला डीफ्रॅगमेंट करायचे नसते. विंडोज तिची निगा आपोआप राखते.

विंडोज कुणाची?

काही ठिकाणी मेकॅनिक आपल्या पेनड्राइव्हमधली, चोरीची विंडोज टाकून देतो. संगणकासोबत अस्सल विंडोज १० किंवा ११ आली असेल तर तिचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क बदलल्याने तो जात नाही, नवे पैसे द्यावे लागत नाहीत. तेव्हा मेकॅनिकला आधीच स्पष्ट सांगावे. "सॉफ्टवेअरला कसली चोरी" म्हणणारे भेटतात. १९८८ साली कुवेतमध्ये झालेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतने संरक्षित मानले आहेत. ज्यांना मसला समजून घ्यायचा त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. व्यवहारातही चोरीच्या विंडोजमधून व्हायरस येतो आणि तो हिशेबाच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एसएसडी घातली म्हणून जुने यंत्र त्यात बसत नाही. यंत्र बसत असेल तर डिस्क बदलतानाच ११ वर जावे. बसत नसेल तर त्यावर पैसे घालताना जरा विचार करावा. टॅली विंडोजसाठीच बनते. पण ज्यांचे काम पत्रे, याद्या आणि इंटरनेटपुरतेच आहे ते लिनक्स मिंट फुकट आणि कायदेशीर वापरू शकतात.

जुन्या डिस्कचे काय?

निदान महिनाभर तिला हात लावू नये, जशी आहे तशी कपाटात ठेवावी. नव्या डिस्कवर काही राहून गेले तर तिथे सापडेल. नंतर ती चांगल्या स्थितीत असेल तर यूएसबी डबीत घालून बॅकअपसाठी वापरावी. त्याची गरज आता वाढली आहे. जुनी डिस्क मरण्याआधी पुष्कळदा खडखड करून खबर देते. एसएसडी एके सकाळी मुकाट्याने जाते आणि तिच्यातून माहिती परत काढणे फार कठीण. वर्षानुवर्षे विजेशिवाय कपाटात ठेवलेली एसएसडीही भरवशाची नाही. दर आठवड्याला एक दिवस ठरवून टॅलीचा बॅकअप या जुन्या डिस्कवर घ्यावा आणि लगेच ती संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे व्हायरस आलाच तरी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

भंगारवाल्याला ती तशीच देऊ नये. तिच्यावर आपल्या गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल नंबर आणि कोणाकडे किती थकले ते सगळे आहे, आणि ती त्यांची अमानत आहे. नुसते डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने ते पुसले जात नाही. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा. डिस्क चालतच नसेल तर उघडून आतल्या चकत्यांवर हातोडा चालवावा. काचेच्या असतील तर डोळे सांभाळून.