टपालखर्चाची तक्रार आली तर काय करावे?

(कार्यकर्ते व बचत गटांसाठी अभ्यासपाठ)

मोबाईलवरून विक्री करू लागलेल्या आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय वारंवार निघतो. टाका उसवला, रंग उतरला अशा तक्रारी थोड्या असतात. जास्त भांडण होते ते पाठवण्याच्या खर्चावरून. सिरसाळा हे परळी तालुक्यातले गाव. आसपासच्या तांड्यांवरच्या आणि पारधी वस्तीवरच्या ज्या ताई गोधड्या व कवड्या-आरशांच्या पिशव्या करतात त्यांच्यासोबत बसून मी हे संदेश वाचतो. त्यावरून हा पाठ तयार केला आहे. गटाने तो एकत्र वाचावा आणि वाचताना वही-पेन जवळ ठेवावे.

एक नमुना तक्रार घेऊ. गोधडीची किंमत १,२०० रुपये. पैसे भरताना ग्राहकाला सांगितले, पाठवण्याचे २०० रुपये वेगळे. पार्सल पोहोचले आणि ग्राहकाने लिहिले, "पोस्टाच्या चिठ्ठीवर १४० रुपये छापलेत. माझ्याकडून २०० का घेतले?"

येथे पहिले पाऊल म्हणजे वही उघडणे. उत्तर त्यानंतर लिहायचे. वरचे ६० रुपये कुठे गेले? समजा, आतला प्लॅस्टिकचा कागद, बाहेरचे मांजरपाट आणि चिकटपट्टी मिळून ३५ रुपये झाले. उरलेले २५ रुपये परळीला जाण्यायेण्यासाठी धरले. आता विचार करा. ३५ रुपये या ग्राहकाच्याच पार्सलवर खर्च झाले आहेत, ते घेणे योग्य आहे; फक्त ते "टपाल" या नावाखाली घ्यायला नको होते. २५ रुपयांचे तसे नाही. त्याच फेरीत ताईने दोरा आणला, मुलाचे औषध आणले, आणखी दोन पार्सले टाकली. तो खर्च धंद्याचा आहे, तो वस्तूच्या किमतीत धरावा. (१७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट आहे, हेही हिशोबात विसरू नये.) म्हणून २५ रुपये त्याच दिवशी परत पाठवायचे आणि ३५ रुपयांचा तपशील द्यायचा. उत्तर असे असावे:

"नमस्कार. तुमचे बरोबर आहे, पोस्टाचा खर्च १४० रुपये आहे. पावतीचा फोटो सोबत आहे. ३५ रुपये आवरण व बांधणीचे आहेत. उरलेले २५ रुपये आत्ताच तुमच्या खात्यावर परत केले आहेत. गोधडी मिळाल्यावर घडी उघडून एकदा उन्हात टाकावी."

या उत्तरात गरिबीचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. "या गरीब आदिवासी बायांचे काम आहे, थोडे समजून घ्या," अशी उत्तरे मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत, आणि ती लिहिणारे बहुतेक वेळा आपणच, म्हणजे कार्यकर्तेच असतो. ताईंना ते सुचतही नाही. ग्राहकाने हिशोब विचारला आहे, त्याला हिशोबच द्यावा. दयेचे उत्तर दिले की त्याचा प्रश्न तसाच राहतो आणि गोधडी विकणारी ताई क्षणात मागणारी होऊन बसते. तो ग्राहक कदाचित गप्प बसेल, पण पुन्हा मागणी करणार नाही. ऊसतोडीला न जाता घरी राहून चार पैसे मिळावेत म्हणून हे काम उभे केले; मुकादमाची उचल घ्यायची की नाही हे ज्या घरात अशा विक्रीवर ठरते, तिथे एक ग्राहक परत येणे ही लहान गोष्ट नाही.

मुळात बहुतेक ग्राहकांना पैशाचा आकडा तितका खटकत नाही. तो उशिरा कळतो, हे खटकते. १,२०० ठरले असे मनात धरून माणूस पैसे भरायला बसतो आणि तिथे १,४०० दिसतात. कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगायची असते, आणि त्याबरोबर टपाल, हाताळणी, पोहोचवणी, कर असे सगळे आकार फोडून दाखवायचे असतात. तक्रार आल्यावर ४८ तासांत ती मिळाल्याचे कळवणे आणि एक महिन्यात निवारण करणे हेही त्या नियमांत आहे. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ पद्धतींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे ही त्यांपैकी एक. आपला गट फोनवरून गोधड्या विकत असला तरी हीच शिस्त पाळावी. ग्राहकाला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक माहीत असतो, आपल्यालाही असावा.

तेव्हा फोटोखालीच लिहावे: "गोधडी १,२०० + आवरण ३५ + टपाल १४० = महाराष्ट्रात घरपोच १,३७५." जुन्या मराठी पुस्तकांच्या आणि मासिकांच्या जाहिरातींत किमतीपुढे "ट. ख. निराळा" असे छापत. टपालखर्च वेगळा, एवढे तरी ते आधी सांगत. आपण एक पाऊल पुढे जाऊन तो किती हेही सांगू शकतो.

किती हे आधी कळण्यासाठी वस्तू मोजता आली पाहिजे, आणि आपल्या गटांचे नुकसान इथेच जास्त होते. चार बाय सहा फुटांची, आत जुन्या लुगड्यांचे थर असलेली गोधडी समजा काट्यावर दोन किलो भरली. पण अनेक कुरियरवाले नुसते वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५,००० ने भागतात. येणारा आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचे पैसे लावतात. गोधडी सैल घडी करून ४० × ३० × २० च्या खोक्यात घातली, तर गुणाकार २४,०००, भागिले ५,०००, म्हणजे ४.८ किलो. तीच गोधडी गुडघ्याखाली दाबून, घट्ट घडी करून, मांजरपाटात शिवून ३५ × २८ × १० केली, तर ९,८००, म्हणजे १.९६ किलो. मग काट्यावरचे दोन किलोच धरले जातील. वस्तू एकच, माणूस एकच, आणि खर्च जवळजवळ निम्म्याने कमी. ज्या हातांना टाके घालता येतात त्यांना पार्सल शिवणे अवघड नाही. खोके विकत आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिशव्यांवर आरसे असतील तर मात्र दाबू नयेत, त्यांना पुठ्ठा हवाच.

लेवीय १९ व्या अध्यायात, ३५ व्या वचनात, खोट्या मापांविषयी ताकीद आहे. तिथे लांबी, वजन आणि आकारमान या तिन्हींचा उल्लेख येतो. पार्सलवर नेमकी हीच तीन मापे लागतात. अभ्यासवर्गात हे वचन घेणाऱ्यांनी सोबत शिवणाची मोजपट्टी आणि काटा जरूर न्यावा.

अंतराचा प्रश्न वेगळा. "माझ्या बहिणीला पुण्यात १४० लागले, मला गुवाहाटीला एवढे का?" असे विचारणाऱ्याला साधे उत्तर द्यावे: पार्सलचा दर वजनाबरोबर अंतराच्या टप्प्यांवर ठरतो. पूर्वी आपल्या देशात पत्रालाही असेच होते. जितके दूर तितके टपालहशील जास्त. १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर झाला आणि ती कटकट संपली. आपल्यालाही ती युक्ती थोडी वापरता येते. महाराष्ट्रापुरता सरासरी काढून एकच आकडा ठेवावा, राज्याबाहेर पिनकोड विचारून सांगावा. सरासरीत कधी दहा रुपये जातील, कधी दहा राहतील. ते एका वेगळ्या पाकिटात ठेवावेत. तो नफा नाही, पुढच्या टपालाची सोय आहे.

दर बदलतात, हेही ध्यानात असू द्या. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे दर बदलले. ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदी टपालाला बाहेरगावी ३५ रुपये होते, ते ४७ झाले, वर १८ टक्के जीएसटी. पार्सलचा दर वेगळा असतो. पण जुनी यादी फोनमध्ये तशीच पडून असेल तर फरक ताईच्या मजुरीतून जातो. दर तीन महिन्यांनी पोस्टात विचारून यादीवर तारीख टाकावी.

"दुसरीकडे फुकट पोहोचवतात," या तक्रारीवर वाद घालू नये. फुकट कोणीच पोहोचवत नाही, खर्च किमतीत असतो, आणि हजारो पार्सले देणाऱ्यांना दरही कमी पडतो. लहान पिशवीसारख्या हलक्या वस्तूत आपणही टपाल किमतीतच धरावे, त्यात गैर काही नाही. जड गोधडीत ते धरले तर जवळच्या ग्राहकावर लांबच्याचा बोजा पडतो. दोन वस्तू एकाच पार्सलमध्ये जात असतील तर टपाल दोनदा घेऊ नये. ग्राहकाने विचारण्याआधीच कमी करावे.

परत येणाऱ्या पार्सलचे काय? वस्तू सदोष निघाली किंवा फोटोत होती त्याहून वेगळी गेली, तर जाण्याचा व येण्याचा खर्च गटाचा. तिथे घासाघीस नको. नुसते मन बदलले म्हणून परत करायचे असेल तर येण्याचा खर्च ग्राहकाचा, पण हे विक्रीआधी लिहिलेले हवे. नंतर सांगितलेला नियम कोणी मानत नाही, आणि मानूही नये. वस्तू हातात पडल्यावर पैसे देण्याची सवलत नव्या गटाने सुरुवातीला देऊ नये, असे मला वाटते. दार उघडले नाही म्हणून पार्सल फिरले तरी दोन्हीकडचे टपाल डोक्यावर बसते, आणि एका गोधडीवर मिळालेली मजुरी त्यात सहज जाते.

प्रत्येक पार्सलच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्राहकाला पाठवावा. तक्रारींपैकी बऱ्याच इथेच थांबतात. आणि वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, पिनकोड, वजन, घेतलेले टपाल, लागलेले टपाल.

दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. ज्या ताईच्या फोनवर मागण्या येतात तीच कोयत्यावर गेली तर ग्राहकाचा संदेश फडावर वाजतो आणि उत्तर द्यायला वही जवळ नसते. म्हणून निघण्यापूर्वी उरलेली परतफेड पूर्ण करावी, फोटोखाली "फेब्रुवारीपर्यंत फक्त तयार माल" असे लिहावे, आणि वही, पावत्या, टपालाचे पाकीट हे तिन्ही वस्तीवर मागे राहणाऱ्या एखाद्या वाचता येणाऱ्या मुलीच्या किंवा सुनेच्या हाती, रक्कम मोजून, द्यावे.