नरक्याची साल व यकृताचा कर्करोग

मागील पावसाळ्यांत एका विद्यार्थ्याचे वडील पिशवींत कसलीशी साल घेऊन मजकडे आले. त्यांच्या बंधूंस यकृताचा कर्करोग झाला होता. "ही नरक्याची साल. हिनें कर्करोग मरतो म्हणतात. उकळून द्यावी काय ?" त्यांस जें सांगितलें तेंच येथें लिहितों.

ऐकीव गोष्टींत तथ्य होतें. सह्याद्रीच्या रानांतील या दुर्गंधी फुलांच्या झाडांत कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य असतें. तें प्रथम १९६६ सालीं अमेरिकेंत मनरो वॉल व मनसुख वाणी यांनीं एका चिनी वृक्षांतून काढिलें. वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे ! पुढें १९७२ सालीं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं तेंच नरक्यांत दाखविलें.

विद्यार्थिमित्रहो, पीळ दिलेली सुतळी घ्या व तिचे दोन पदर ओढून वेगळे करूं लागा. पुढचा पीळ अधिकच आवळतो. पेशी दुभंगण्यापूर्वीं आपल्या डी.एन.ए.ची प्रत काढिते, तेव्हां हीच अडचण येते. टोपोआयसोमरेज नांवाचें प्रथिन एक पदर क्षणभर तोडतें, पीळ सुटूं देतें व लागलीच सांधतें. कॅम्प्टोथेसिन नेमकें त्या क्षणीं पाचरीसारखें मध्यें बसतें. सांधा जुळत नाहीं. मागून प्रत काढणारी यंत्रणा येऊन आदळते आणि दोन्ही पदर तुटतात. मोडतोड आवाक्याबाहेर गेली म्हणजे पेशी स्वतःच आपला अंत करिते : तिच्या मायटोकॉण्ड्रियांतून एक द्रव्य निसटतें, तें कॅस्पेज नांवाच्या प्रथिनांना जागें करितें व तीं तिला आंतून कातरतात. कांचेच्या बशींत वाढविलेल्या यकृताच्या कर्कपेशी अशा मरतात.

परंतु बशी म्हणजे रोगी नव्हे. अस्थिमज्जेंतील निरोगी पेशीही भराभर दुभंगतात, आणि हें विष आपपर जाणत नाहीं. १९७० च्या सुमारास रोग्यांवर प्रयोग झाले, तेव्हां रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या, मूत्रावाटे रक्त जाऊं लागलें व प्रयोग थांबवावे लागले. रचनेंत फेरफार करून झालेलीं टोपोटेकन व इरिनोटेकन हीं औषधें १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालीं, तीं अनुक्रमें बीजाशयाच्या व मोठ्या आंतड्याच्या कर्करोगासाठीं. प्रौढांच्या यकृताच्या कर्करोगावर त्यांचा गुण बेताचाच आला. शिवाय कोणत्या झाडाच्या सालींत द्रव्य किती, याचा मेळ नाहीं. मग काढ्याचें प्रमाण ठरवावें कसें? आधींच दुबळ्या झालेल्या यकृतावर हा जुगार !

गृहस्थ बराच वेळ बोलले नाहींत. मग पिशवी माझ्या मेजावर ठेवून इस्पितळाकडे गेले. साल प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे; पाहावयाची असल्यास किल्ली मजकडे मागावी.