आमचा टिप्या आणि दहा रेघा



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी ‘आमच्या घरचा प्राणी’ हा विषय दिला. कोणी गाईवर लिहिले, कोणी शेळीवर. मी आमच्या टिप्यावर लिहिणार आहे. टिप्या म्हणजे आमचे कुत्र्याचे पिल्लू. त्याच्या कपाळावर पांढरा टिपका आहे, म्हणून टिप्या. त्याच्यापासून मला गंमत मिळाली, मार मिळाला आणि एक मोठा धडाही मिळाला. तो धडा सर्वांना उपयोगी आहे.

टिप्या घरी आला

आमच्या मळ्यात कडब्याच्या गंजीखाली एका कुत्रीला चार पिल्ले झाली. कुत्रीला दिवस गेल्यापासून साधारण ६३ दिवसांनी पिल्ले होतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात. ते दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात. मी रोज जाऊन पाही. बाबा म्हणाले, “दोन महिने आईजवळ राहू दे. दूध पिऊ दे, भावंडांशी खेळू दे. मग आणू.” त्याप्रमाणे दोन महिन्यांनी टिप्या आमच्या ओसरीवर आला. पहिल्या रात्री तो फार रडला. मी माझी जुनी गोधडी पोत्यावर घालून दिली, तेव्हा कुठे झोपला.

त्याचा दिनक्रम

सकाळी मी शाळेला निघाले की हा दप्तराचा पट्टा धरून ओढणार. आई झाडायला लागली की केरसुणीवर झडप घालणार. आजी जपाला बसली की तिच्या लुगड्याचा पदर चावणार. आजी ओरडते, “आरं मुडद्या, सोड की!” आणि मग स्वतःच हसते. घरभर धुमाकूळ घालून तो एकदम धप्पकन पडतो आणि घोरायला लागतो. लहान पिल्लू दिवसातले १६ ते १८ तास झोपते. उरलेल्या वेळात तो सगळी कसर भरून काढतो!

पण सगळीच गंमत नसते. त्याने माझी गणिताची वही फाडली. बाबांची नवी चप्पल कुरतडली. शेजारच्या काकूंच्या कोंबडीमागे धावून तिची पिसे उपटली. काकू भांडायला आल्या. बाबा फार रागावले. म्हणाले, “आता आणखी एक तक्रार आली, की बाजाराच्या दिवशी ह्याला लांब नेऊन सोडीन.” त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मी काय लपवले

नंतरच्या शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी माझा धाकटा भाऊ टिप्याशी खेळत होता. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता. टिप्याने उडी मारली आणि दात भावाच्या मनगटाला लागले. रक्त आले नाही, पण लाल ओरखडा उठला. भाऊ रडू लागला. मला वाटले, बाबांना कळले तर टिप्या गेलाच. मी भावाला गूळ-शेंगदाणे दिले आणि सांगितले, “कुणाला सांगू नको हं.” रविवारही तसाच गेला.

सोमवारी विज्ञानाच्या तासाला बाईंनी रेबीज रोगाचा पाठ सांगितला. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. ते चाव्यातून किंवा ओरखड्यातून शरीरात शिरतात आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातात. एकदा का रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस बहुधा वाचतच नाही. पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. बाई म्हणाल्या, “कुत्रे पाळीव आहे, लहान आहे, म्हणून गाफील राहू नका. लस न दिलेल्या पिल्लालाही हा रोग होऊ शकतो.”

हे ऐकले आणि मला रडू कोसळले. बाईंनी जवळ घेऊन विचारले. मी सगळे सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सांगितलेस ते बरे केलेस. अजून वेळ गेलेली नाही.” त्यांनी लगेच बाबांना निरोप पाठवला.

उपचार

घरी आजी हळद-चुना घेऊन बसली होती. बाई म्हणाल्या होत्या की जखमेवर हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. आधी साबण आणि वाहते पाणी. पंधरा मिनिटे जखम धुवायची. उशीर झाला असला तरी धुवायची. आईने भावाचा हात तांब्या-तांब्याने पाणी ओतून धुतला. मी घड्याळ धरून उभी होते. पंधरा मिनिटे किती मोठी असतात, ते त्या दिवशी कळले.

मग बाबा त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. आजीला भीती, की आता पोटात चौदा सुया! पूर्वी तसे होते. पण ती जुनी लस आपल्या देशात २००५ सालापासून बंद आहे. आता दंडावर लहानशी सुई देतात. भावाला त्या दिवशी लस दिली आणि पुढे ३, ७ व २८ दिवसांनी परत बोलावले. डॉक्टरांनी सांगितले, की रक्त आले असते तर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागले असते. ते शेवटी म्हणाले, “पिल्लाला मारू नका, सोडूही नका. चावल्यापासून दहा दिवस बांधून ठेवा आणि लक्ष द्या.”

दहा रेघा

मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारू लागले. रविवार आणि सोमवार अशा दोन रेघा एकदम मारल्या. मग रोज एक. पाचव्या दिवशी टिप्या जेवला नाही. कोपऱ्यात पडून राहिला. तोंडाला थोडे रक्त दिसले. माझे हातपाय गार पडले. बाबांनी कोणालाही जवळ जाऊ दिले नाही. त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणले. डॉक्टरांनी हातमोजे घालून जपून पाहिले आणि हसले. “अहो, ह्याचे दुधाचे दात पडताहेत!”

मित्रांनो, आपल्याला दुधाचे दात २० असतात आणि नंतर ३२ होतात. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात आणि मोठ्या कुत्र्याला ४२. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात हे दात बदलतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू दिसेल ते चावते. वही काय, चप्पल काय! तो खोडसाळपणा नसतो, दुखणे असते. संध्याकाळी पोत्यावर मला तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. तो मी काड्यापेटीत ठेवला आहे.

दहावी रेघ मंगळवारी मारली. टिप्या ठणठणीत होता. बुधवारी बाबा स्वतः त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले आणि रेबीजची लस टोचून आणली. ही लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यानंतर देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा देतात. आम्हीच उशीर केला होता. घरी आल्याबरोबर टिप्याने बाबांची चप्पल पळवली. त्या दिवशी बाबा रागावले नाहीत.

लस कोणी शोधली?

फ्रान्स देशात लुई पाश्चर नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. ६ जुलै १८८५ रोजी त्यांच्याकडे जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला आणले. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. पाश्चर यांच्या लशीने तो वाचला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. म्हणून २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन पाळतात.

लक्षात ठेवा

१. कुत्रे चावले, ओरखडले तर घरी लगेच सांगा. लपवू नका.
२. कुत्रे खात असताना, झोपले असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला छेडू नका.
३. अनोळखी कुत्रे अंगावर आले तर पळू नका. हात खाली सोडून झाडासारखे उभे राहा.
४. पिल्लू चावू लागले की खेळ थांबवा. मारू नका. चावायला गाठ मारलेली जुनी चिंधी किंवा दोरी द्या. ती गिळत नाही ना, ते पाहा.
५. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला देऊ नका. ते त्याला बाधते.

स्वाध्याय

१. जखम किती वेळ व कशाने धुवावी?
२. पिल्लू वस्तू का कुरतडते?
३. आपल्या गल्लीतल्या पाळीव कुत्र्यांपैकी किती जणांना लस दिली आहे? घरोघरी विचारून वहीत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या गल्लीपुरते काढले आहे. पाच कुत्र्यांपैकी लस फक्त टिप्याला दिलेली होती. पालकांनो, उरलेल्या चारांचे तेवढे मनावर घ्या.

— इयत्ता सहावीतील एक विद्यार्थिनी